सात साखळ्या चौदा आणे म्हणजे किती मीटर?

आमच्या रानाची उत्तरेची बाजू ओढ्याकाठच्या दगडापासून बाभळीच्या बुडातल्या दगडापर्यंत आहे. बाभळीच्या पलीकडं तात्यांचं रान. रानडुकरांनी दोन वर्षं हरभऱ्याची नासधूस केली, म्हणून आमच्या दादांनी आणि तात्यांनी मधल्या बांधावर तारेचं कुंपण घालायचं ठरवलं. खर्च निम्मा-निम्मा. खांब रोवायच्या आधी कोपरा बरोबर आहे का बघावं, म्हणून उत्तरेची बाजू टेपनं मोजली. ७९.२० मीटर भरली.

तात्यांच्या मुलानं तालुक्याहून टिपणाची नक्कल आणली होती. टिपण म्हणजे जुन्या मोजणीत हातानं काढलेला शेताचा आराखडा, बाजूंच्या लांबीसकट. त्याच बाजूवर जुन्या हातानं लिहिलं होतं : ७-१४. ही लांबी साखळ्यांत असते आणि साखळी तेहतीस फुटांची असते, एवढं त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्यानं फोनमध्ये ७.१४ गुणिले ३३ केलं, उत्तर आलं २३५.६ फूट. मीटरमध्ये ७१.८. टेप म्हणत होता ७९.२. फरक जवळजवळ साडेसात मीटरचा, म्हणजे चोवीस फूट.

तात्या टेप गुंडाळता गुंडाळता थांबले. “दादा, तुमचा दगड चोवीस फूट आमच्यात आलाय,” एवढंच म्हणाले आणि घराकडं निघाले. पेरणी होईपर्यंत दोन्ही घरांचं बोलणं बंद राहिलं.

दगड हललेला नव्हता. टिपणही बरोबर होतं, टेपही बरोबर होता. चूक झाली ती ७-१४ मधली आडवी रेघ फोनमध्ये टिंब होऊन बसली तिथं. असं आपल्याकडं फार घरांत होतं, म्हणून हे सगळं नीट, हिशेबासकट लिहायला बसलो आहे.

आधी त्या टिंबाचं बघू. क्रिकेटचा स्कोअर सांगताना आपण “सात पॉइंट चार ओव्हर” म्हणतो. याचा अर्थ सात ओव्हर आणि चार चेंडू. सहा चेंडूंची ओव्हर असते, म्हणून ७.५ नंतर ७.६ येत नाही, ८ येतात. कुणी ७.३ ओव्हरना ‘सात आणि दहातले तीन भाग’ समजून रनरेट काढला तर तो चुकणार, कारण तीन चेंडू म्हणजे अर्धी ओव्हर. तसंच उंचीचं. पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस अर्जात ५.१० लिहितो. गणितात ५.१० आणि ५.१ एकच. पण पाच फूट एक इंच आणि पाच फूट दहा इंच ही दोन माणसं शेजारी उभी केली तर फरक लांबून दिसेल.

म्हणजे खुणेच्या उजवीकडचा आकडा किती भागांतला आहे, हे माहीत असल्याशिवाय तो आकडा वाचताच येत नाही. ओव्हरीत सहा भाग, फुटात बारा. आणि मोजणीच्या जुन्या साखळीत सोळा.

ती साखळी अशी : लांबी ३३ फूट, तिचे सोळा सारखे भाग, एकेका भागाला आणा म्हणायचं. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचे सोळा आणे. ३३ फुटांना १६ नं भागलं की एक आणा येतो २ फूट पाऊण इंच. माणसाचं एक बेताचं पाऊल पडतं तेवढं.

मग सात साखळ्या चौदा आणे म्हणजे सात आणि सोळातले चौदा भाग, ७.८७५. आठाला दोनच आणे कमी. तात्यांच्या मुलानं ही लांबी सातच्या जरा पुढं धरली, आणि चोवीस फूट तिथं हरवले.

तेहतीस फूटच का, हा प्रश्न मलाही पडला होता. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६२० च्या सुमारास जमीन मोजायला ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी बसवली. तिचं वैशिष्ट्य असं की एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब तुकडा बरोबर एक एकर भरतो. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी जमाबंदीसाठी मोजणी केली तेव्हा तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी घेतली आणि तिला शंभर कड्यांऐवजी सोळा आणे पाडले. या साखळीनं एक साखळी बाय एक साखळी चौकोन आखला की १,०८९ चौरस फूट होतात. तोच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे जोडले की ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एक एकर. गुंठा ज्या साखळीतून जन्माला आला, तिच्यातच टिपणातली लांबी लिहिलेली आहे.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजणी झाली, ती मुंबई इलाख्याच्याच धर्तीवर. दफ्तर उर्दूत, पण माप तेच. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्यं बदलली, सातबारावर हेक्टर-आर आले, मोजणीला आता उपग्रहावर चालणारी यंत्रं येतात. पण शेताच्या मूळ हद्दीचा प्रश्न निघाला की आजही ते टिपण काढावंच लागतं, आणि त्यात साखळी-आणेच असतात.

रुपयातला आणा १ एप्रिल १९५७ ला गेला, नवे पैसे आले. त्यानंतर शाळेत गेलेल्यांना ‘चाराने’, ‘बाराने’ हे शब्द कानावरून माहीत आहेत, त्यांच्यामागचं सोळाचं गणित हातात राहिलेलं नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण ते गणित फार सोयीचं होतं. सोळा हा आकडा निम्मा, पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा करत एकपर्यंत नेता येतो, कुठं अपूर्णांक आडवा येत नाही. अर्धी साखळी आठ आणे, पाव साखळी चार, पाऊण साखळी बारा. दोरी दुमडून दुमडून माप काढणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला आकडा मिळणार नाही. आपल्याकडं पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत ते याचसाठी.

आता मीटर. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. त्यामुळं

एक साखळी = १०.०५८४ मीटर
एक आणा = ०.६२८६५ मीटर, म्हणजे जवळजवळ ६३ सेंटिमीटर

टिपणातल्या आकड्याचे मीटर करायचे असतील तर सगळ्यात बिनचूक वाट अशी की आधी सगळ्याचे आणे करून टाकायचे. सात साखळ्यांचे सोळा गुणिले सात, ११२ आणे. त्यात वरचे १४ मिळवले, १२६ आणे. १२६ ला ०.६२८६५ नं गुणलं की ७९.२१ मीटर. आमचा टेप ७९.२० सांगत होता.

ही वाट मला एवढ्यासाठी आवडते की हिच्यात टिंबाला शिरायला जागाच नाही. आणे एकदा पूर्ण आकड्यात आले की चुकायचं काही उरत नाही.

उलटं जायचं असेल, म्हणजे टेपच्या मीटरवरून साखळी-आणे काढायचे असतील, तर मीटरला १०.०५८४ नं भागा. ७९.२० भागिले १०.०५८४ म्हणजे ७.८७४. टिंबाच्या डावीकडचे ७ ही साखळ्यांची संख्या, ती कागदावर लिहून बाजूला ठेवा. उरलेल्या ०.८७४ ला १६ नं गुणा, १३.९८ येतात. म्हणजे १४ आणे. चूक होते ती याच पायरीवर. लोक ७.८७ बघतात आणि सात साखळ्या सत्त्याऐंशी आणे म्हणतात, किंवा आठ-सात वाचून सात साखळ्या आठ आणे लिहून मोकळे होतात. आणे सोळा झाले की पुढची साखळी लागते. त्यामुळं आण्याच्या जागी पंधरापेक्षा मोठा आकडा दिसला की कुठंतरी घसरलं आहे हे नक्की समजा.

रानात उभं असताना फोन हातात नसला तरी चालतं. साखळी दहा मीटरपेक्षा फक्त ५.८ सेंटिमीटरनं मोठी आहे. म्हणून मीटरला सरळ दहानं भागायचं आणि दर शंभर मीटरमागं एक आणा वजा करायचा. ३०० मीटर अंतर आहे. दहानं भागून ३० साखळ्या, त्यातून तीन आणे गेले, राहिल्या २९ साखळ्या १३ आणे. काटेकोर हिशेब २९ साखळ्या १३.२ आणे येतो. एवढ्या अंतराला पाव आण्याहून कमी फरक, तोंडी हिशेबाला पुष्कळ झाला. पण ‘साखळी म्हणजे दहा मीटरच की’ म्हणून तो वजा करायचा आणा विसरलात, तर ३०० मीटरला पावणेदोन मीटर चुकतील. बांधाच्या प्रश्नात पावणेदोन मीटर लहान नसतात.

दहाच्या आतले उरलेले मीटर आण्यांत न्यायचे तर एका मीटरचे साधारण १.६ आणे धरा. पाच मीटर म्हणजे आठ आणे, अर्धी साखळी. हे एक ध्यानात ठेवलं तरी बाकीचं जुळवता येतं.

आता एक गोष्ट जी फोन सांगत नाही. कॅल्क्युलेटर १२६ आण्यांचे ७९.२०९९ मीटर देतो. बघताना वाटतं, मिलिमीटरपर्यंत हद्द सापडली. तसं नाही. मोजणाऱ्यानं जवळच्या आण्यात आकडा लिहिला असेल, तर बाजूची खरी लांबी सात साखळ्यांवर साडेतेरा ते साडेचौदा आण्यांमध्ये कुठंही असू शकते. मीटरमध्ये हे होतं ७८.९० ते ७९.५२. टेपचं माप या दोहोंत कुठंही पडलं तर टिपणाशी ते जुळलं असंच धरायचं. वीस सेंटिमीटर जास्त भरले म्हणून शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये. टिपणालाच एवढं बारीक माहीत नाही.

साखळी लोखंडी होती, ऊन लागून वाढली असेल असंही बरेचजण म्हणतात. तेही मोजून बघितलं. डिसेंबरच्या पहाटेचे बारा अंश आणि मे महिन्यातले बेचाळीस, यात तीस अंशांचा फरक धरला तरी दहा मीटर लोखंड साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. आठ साखळ्यांत तीन सेंटिमीटरही नाहीत. कड्या वाकणं, झिजून सैल होणं याचा फरक त्याहून मोठा पडू शकतो. आणि बालाघाटाच्या कडंच्या चढ-उताराच्या रानात जमिनीला चिकटवून टेप धरला तर तो नेहमी जास्त भरतो, कारण नकाशातलं अंतर आडवं, पाणपातळीत धरायचं असतं. शंभर मीटर चालताना दहा मीटर चढलात तर आडवं अंतर साडेनव्याण्णव मीटरच असतं. अर्धा मीटर तिथंच गेला. काळ्या सपाट रानात हा त्रास नाही, माळाच्या रानात आहे.

टिपण बघताना आणखी एक. ती आकृती मापात काढलेली नसते, हाताचा कच्चा आराखडा असतो. फूटपट्टी ठेवून त्यावरून लांबी काढू नका, बाजूवर लिहिलेला आकडाच घ्या. शेताच्या मधून एक सरळ रेषा धरून, तिच्यापासून बांधाच्या वळणांपर्यंत काटकोनात लंब घेतलेले दिसतील. काटकोन धरायचं जे साधन ते शंकू, म्हणून या पद्धतीला शंकू-साखळी म्हणतात. गाव नकाशा मात्र मापात असतो. जुन्या नकाशावर १ इंचाला २० साखळ्या असं प्रमाण असेल, तर नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवर ६६० फूट, २०१ मीटर. जुन्या माणसांचा एक फर्लांग.

लांबीवरून क्षेत्राकडं गेलं की आणा वेश बदलतो, इथं जरा थांबून वाचा. लांबीचा आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग. क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, ६८ चौरस फूट. दोघांचं नाव एक असलं तरी वस्तू दोन आहेत. त्यांचं नातं मात्र सुरेख आहे : एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी घेतली की ती बरोबर एक आणा क्षेत्र भरते.

हे नातं बांधाला लावून बघा. आमचा आणि तात्यांचा मधला बांध टिपणात सोळा साखळ्यांचा आहे, म्हणजे १६१ मीटर. त्या लांबीत एका बाजूनं एक आणा, म्हणजे दोन फूट, बांध कोरला तर सोळा आणे क्षेत्र जातं. एक पूर्ण गुंठा. ट्रॅक्टरवाल्यानं दर वर्षी नांगराचं एक-एक तास बांधाला जास्त घातलं, तर दोन फूट व्हायला काही वर्षंच लागतात. कुणाच्या मनात पाप असायची गरज नाही, फाळ सरकत जातो आणि बांध बारीक होतो. गुंठ्याचा भाव आपापल्या गावचा ज्याला त्याला ठाऊक आहे.

सातबारा हातात आला की तेच टिंब पुन्हा भेटतं, दोन वेगळ्या अर्थांनी. एकर-गुंठ्यांत २.२० लिहिलं असेल तर ते दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. इथं चाळीस भाग आहेत. हेक्टर-आरमध्ये १.२१ असेल तर एक हेक्टर एकवीस आर. इथं शंभर भाग, म्हणून फक्त हेच टिंब शाळेतल्या दशांश चिन्हासारखं वागतं. एकाच कुटुंबाच्या पिशवीत तीन कागद असतात, टिपण सोळाचं, जुना उतारा चाळीसचा, नवा सातबारा शंभरचा. तिन्हींवर खूण तीच, किंवा तिच्यासारखीच.

आर आणि गुंठा हे एकच समजायची सवयही आपल्याकडं पक्की आहे. दोन्ही अगदी जवळ आहेत, हे खरं. आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे साखळी बाय साखळी, १०१.१७ चौरस मीटर. साखळी दहा मीटरपेक्षा जेवढी मोठी, त्याच्या दुपटीनं गुंठा आरपेक्षा मोठा, शेकडा सव्वाच्या आत. घरामागच्या परड्याला हा फरक जाणवत नाही. पण एक हेक्टर म्हणजे शंभर गुंठे नव्हेत, ९८.८४ गुंठे, दोन एकर पावणेएकोणीस गुंठ्यांच्या आसपास. खरेदीच्या वेळी हेक्टरचे शंभर गुंठे धरून पैसे मोजले तर घेणाऱ्यानं गुंठाभर जमिनीचे पैसे जास्त दिले. भावकीत वाटणी करताना एकानं आर धरले आणि दुसऱ्यानं गुंठे, तर जमीन मोजायच्या आधीच वाद उभा राहतो.

हे सगळं गणित घरी समजून घेण्यासाठी आहे. हद्द ठरवायची असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणीच घ्यावी लागते, आपला टेप तिथं चालत नाही. पण मोजणीला जाण्याआधी वाद खरोखर आहे का, एवढं आपल्या टेपनं नक्की कळतं.

आमच्याकडं तो नव्हता. सोयाबीन दोन पानांवर असताना मी टिपणाची नक्कल घेऊन तात्यांच्या ओसरीवर गेलो. मुलगा पुण्याला परत गेलेला. मला गणित मांडून दाखवायचं होतं, पण आधी सहज विचारलं, “तात्या, सात रुपये चौदा आण्यांचे आणे किती?”

“एकशे सव्वीस,” तात्या म्हणाले. डोळेही वर केले नाहीत. मग वर केले. नक्कल माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला, ७-१४ वर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. “हे आणे हैत व्हय,” म्हणाले. “पोरानं मला पॉइंट म्हणून सांगितलं.”

मी १२६ गुणिले ०.६२८६५ करून दाखवलं. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि दादांना बोलवायला नातवाला पिटाळलं. चहा होईतो दोघांत खांबांचा हिशेब चालू झाला होता. तो तात्यांनीच तोंडी केला, साखळीत : सोळा साखळ्यांचा बांध, चार आण्यांवर एक खांब, एका साखळीत चार गाळे, म्हणजे चौसष्ट गाळे आणि पासष्ट खांब. खांबांच्या दुकानदारानं अंतर विचारलं तेव्हा दादांनी फोनवर त्याला अडीच मीटर सांगितलं.